चार्ली चॅप्लिन : बागेतला एक दिवस

लंडन, १८९८. एक बाई दोन पोरांना घेऊन वर्कहाऊसच्या दारातून बाहेर पडते. वर्कहाऊस म्हणजे ज्यांच्याकडं काहीच उरलं नाही अशांना ठेवायची सरकारी जागा, तिथं आई एकीकडं, पोरं दुसरीकडं, अंगावर कपडेसुद्धा तिथलेच. धाकटा ९ वर्षांचा. चार्ली चॅप्लिन.

सुटका झाली असं वाटेल, पण तसं नाही. जायला घर नव्हतंच. आईनं, हॅनानं, रीतसर सांगून तिघांचं नाव कमी करून घेतलं ते फक्त पोरांबरोबर एक दिवस मिळावा म्हणून. तिघं दिवसभर बागेत बसली, थोड्या चेरी खाल्ल्या, वर्तमानपत्राचा बोळा करून बॉल खेळली आणि नंतर परत त्याच दारात, पुन्हा नाव लिहायला.

मला वाटतं चॅप्लिनचा अख्खा ट्रॅम्प, म्हणजे त्याचं पडद्यावरचं ते भटक्या माणसाचं पात्र, या दिवसात आहे. खिशात काही नाही, पण दिवस कसा घालवायचा ते मी ठरवणार! हॅना स्वतः स्टेजवर गाणारी, आवाज गेला आणि काम संपलं. तरी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या हुबेहूब नकला करायची, पोरगा बघत राहायचा. माणूस चालतो कसा, बूट कसे झिजलेत, यावरून त्याच्या घरात काय चाललंय हे ओळखायला तो तिथं शिकला.

म्हणून तो ट्रॅम्प बघा, पँट ढगळ, बूट फाटके, पण टाय आहे, काठी आहे, आणि समोर कुणीही असो, टोपी उचलून नमस्कार. आपण हसतो, पण त्याच्या गरिबीला नाही हसत, हे फार अवघड काम आहे आणि ते त्यानं आयुष्यभर सांभाळलं.

गरिबी माणसाला आपोआप चांगलं करते असं अजिबात नाही. १९१६ मध्ये, २६ व्या वर्षी, आठवड्याला १०,००० डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट झालं, तरी सगळं परत जाईल ही भीती काही त्याला सोडेना, पैशाच्या बाबतीत हात आखडलेलाच राहिला.

१९२१ ला तो लंडनला परतला तेव्हा स्टेशनवर तुफान गर्दी. हॉटेलात पोचला, आणि थोड्याच वेळात मागच्या दारानं सटकून टॅक्सी पकडून थेट लहानपणीच्या गल्ल्यांमध्ये गेला. एकटाच.