न आलेल्या वर्षांचे रंग

[पडदा: व्हेनिसचं जुनं तैलचित्र. कॅमेरा पाण्याच्या कडेवर थांबतो.]

अठराव्या शतकात इटालियन चित्रकार कानालेत्तोने व्हेनिसचे कालवे रंगवले, तेव्हा भिंतींवरचा शेवाळाचा पट्टाही त्याने वगळला नाही. भरतीचं पाणी कुठवर चढायचं, ते हा पट्टा सांगतो. कॅमेरा ऑब्स्क्युराच्या, म्हणजे बारीक छिद्रातून समोरचं दृश्य कागदावर पाडणाऱ्या पेटीच्या, मदतीने काढलेल्या या चित्रांतली प्रमाणं इतकी नेमकी, की शास्त्रज्ञांनी त्याच इमारतींवरचा आजचा पट्टा मोजून तुलना केली. पाणी अर्ध्या मीटरहून अधिक वर आलं होतं. त्यात समुद्राचं चढणं होतं, तसं शहराचं खचणंही.

तेव्हा चित्रातून आकडे निघाले. आता आकड्यांतून चित्रं निघतात.

[पडदा: जलरंगातली हिमनदी.]

जिल पेल्टो हिमनद्यांचा अभ्यासही करते आणि त्या रंगवतेही. तिच्या चित्रातला हा बर्फाचा उतार म्हणजे हिमनद्यांच्या घटत्या वस्तुमानाचा आलेख आहे.

[पडदा: निळे-लाल उभे पट्टे.]

हे पट्टे 2018 मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी केले. एक पट्टा म्हणजे एक वर्ष: थंड ते निळं, उष्ण ते लाल. अक्ष नाहीत, आकडे नाहीत, तरी लहान मुलालाही कळतं.

पण घडून गेलेल्या वर्षाला एकच रंग असतो. 2090 ला कोणता द्यायचा?

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2021 च्या अहवालानुसार, हरितगृह वायूंचं उत्सर्जन झपाट्याने घटलं तर शतकाअखेरची तापमानवाढ औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे 1.4 अंश सेल्सिअस असेल. ते भरमसाट वाढत राहिलं तर 4.4. त्या 4.4 भोवतीही 3.3 ते 5.7 असा पल्ला आहे. ढग कसे वागतील, हा प्रश्न त्यात आहेच. पण 1.4 आणि 4.4 यांतली दरी माणूस किती इंधन जाळतो यावरून पडते.

बुडालेलं शहर रंगवणं सोपं आहे, आणि ते पाहून काळीज हलतंही. पण असं चित्र भविष्य ठरून गेल्यासारखं दाखवतं, आणि विज्ञान तसं म्हणत नाही.

[पडदा: पट्टे उजवीकडे अनेक ओळींत फुटतात.]

म्हणून मला ही मांडणी मोलाची वाटते. भूतकाळ एक, पुढे उत्सर्जनाच्या शक्यतांगणिक ओळी अनेक. एकीत लाल रंग स्थिरावतो, दुसरीत तो काळपट होत जातो. सुरुवातीची काही वर्षं मात्र सगळ्या ओळी जवळपास सारख्याच दिसतात. फरक पाहायचा तर नजर पार उजव्या टोकापर्यंत न्यावी लागते.