डबल क्लिक केलं की उघडणारं वेब ॲप: अख्खं बिल्ड एकाच फाइलमध्ये

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेलं ॲप वीटवर बिल्ड केलं, म्हणजे ब्राउझरला चालतील अशा फाइली वीट या टूलनं बनवल्या. (हो, उच्चार वीटच, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘झटपट’.) या तयार फाइली जातात त्या डिस्ट फोल्डरमधल्या इंडेक्स डॉट एचटीएमएलवर डबल क्लिक केलं, तर पान कोरं. कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कॉर्सची एरर, म्हणजे ‘दुसऱ्या ओरिजिनची फाइल देणार नाही’ असा ब्राउझरचा नकार.

[स्क्रीनवर: कन्सोलमधली एरर]

कारण साधं आहे. बिल्डमधली स्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ प्रकारची असते आणि बाहेरच्या फाइलमधलं मॉड्यूल आणताना ब्राउझर ओरिजिन, म्हणजे पान कुठून आलं, ते तपासतो. डिस्कवरून उघडलेल्या पानाचं ओरिजिन ‘नल’. झालं, दार बंद! तोच कोड एचटीएमएलच्या आत असला की काही आणावंच लागत नाही.

म्हणून वीट-प्लगिन-सिंगलफाइल, सगळा कोड एचटीएमएलच्या आत भरणारं प्लगिन. ते डेव्ह डिपेंडन्सी (फक्त बिल्ड करताना लागणारं पॅकेज) म्हणून टाका, वीटच्या कॉन्फिगमध्ये प्लगिन्सच्या यादीत रिॲक्टच्या खाली लिहा, पुन्हा बिल्ड करा.

[स्क्रीनवर: कॉन्फिगच्या दोन ओळी]

एरवी वीट ४ केबीपेक्षा लहान ॲसेटच (चित्रं, फॉन्ट वगैरे) कोडमध्ये घेतं. प्लगिन ती मर्यादाच उठवतं. पण असा ॲसेट बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहिला जातो आणि त्यात दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, म्हणजे ९०० केबीचा फॉन्ट १२०० केबी. आधी फॉन्ट सबसेट करा, म्हणजे लागणारी अक्षरंच ठेवा, देवनागरी फॉन्ट तर नक्कीच.

पब्लिक फोल्डरमधलं मात्र काहीच आत येत नाही, वीट ते जसंच्या तसं बाजूला कॉपी करतं. लोगो सोर्समध्ये हलवा आणि इम्पोर्ट करा. जेसन डेटा फाइलींचंही तेच: इम्पोर्ट करा, चालू पानातून फेचनं मागवू नका. ॲपमधली पानं बदलायला ब्राउझर राउटरऐवजी हॅश राउटर (पत्त्यात # च्या पुढचा भाग वापरणारा) घ्या, नाहीतर पत्त्यात डिस्कवरचा अख्खा पाथ येतो आणि एकही रूट जुळत नाही.

‘प्लगिन कशाला, स्क्रिप्ट टॅगच्या जागी कोड भरणारी दहा ओळींची नोड स्क्रिप्ट लिहितो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन खड्डे. पहिला: मजकूर बदलणाऱ्या रिप्लेसला जावास्क्रिप्टचा कोड थेट स्ट्रिंग म्हणून दिलात, तर त्यातलं डॉलर-अँपरसँड ‘जुळलेला मजकूर’ समजलं जातं आणि मिनिफाय केलेल्या (आवळून लहान केलेल्या) कोडच्या मधोमध जुना स्क्रिप्ट टॅग घुसतो. बिल्ड हिरवं, पान मेलेलं. स्ट्रिंगऐवजी फंक्शन द्या. दुसरा: कोडमधल्या एखाद्या स्ट्रिंगमध्ये स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग असला, तर ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपवतो आणि उरलेला कोड पानावर मजकूर म्हणून सांडतो. त्यातल्या स्लॅशआधी बॅकस्लॅश घाला.

पेनड्राइव्हवर द्यायचं किंवा नेट नसलेल्या मशीनवर चालवायचं ॲप असेल तरच हा खटाटोप. सार्वजनिक साइटवर नको. एक बटण बदललं तरी सगळ्यांना सगळी फाइल पुन्हा उतरवावी लागते.

तपासताना फाइल डिस्टमध्येच उघडू नका. शेजारच्या फाइली सापडतात आणि सगळं ठीक वाटतं. ती एकटीच रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा, वाय-फाय बंद करा, मग उघडा. गूगल फॉन्ट्सची लिंक कुठे राहून गेली असेल, तर ती इथेच उघडी पडते.