मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा वेगळ्या

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचे हीथ्रो यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ इराक आणि तुर्कस्तानावरून जाते. पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सिंधवरून इराणमध्ये शिरतो, आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमेजवळून काळ्या समुद्रावर येतो आणि पश्चिम युक्रेनवरून पुढे जातो. सर्वांत जवळची वाट हीच. पण ती जशीच्या तशी धरणे आज विमानांना शक्य नाही.

युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली, तेव्हा त्यांना मुंबईहून उडाल्यावर आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळावे लागू लागले. दिल्लीहून निघणाऱ्यांना हा वळसा मुंबईकरांपेक्षा कितीतरी जड गेला.

या मार्गाचा इतिहास मुंबईच्या अभिमानाचा आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि या प्रवासात जेट युग सुरू झाले.

आता थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना मात्र बहुधा नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान झोत हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच असला, तरी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आला की जमिनीवरून मोजलेला वेग आठशेवर उतरतो आणि तोच वारा पाठीशी असला की हजारावर चढतो. आसनासमोरच्या पडद्यावर हा आकडा बदलताना स्पष्ट दिसतो.

मुलांकडे पहिल्यांदाच ब्रिटनला निघालेल्या आई-वडिलांचा गोंधळ बहुतेक वेळा तिकिटावरील वेळांमुळे होतो, कारण तिथे प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून सकाळी ७ वाजता निघाले आणि लंडनला सकाळी ११.३० वाजता उतरले. घड्याळात साडेचार तासच गेलेले दिसतात, पण लंडन तेव्हा साडेपाच तास मागे असल्याने प्रवास पूर्ण दहा तासांचा होतो. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे जातात आणि हेच अंतर साडेचार तासांवर येते.

शिवाय तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. हीथ्रोवर गर्दी असली की उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानाला लंडनजवळच्या बोविंग्डन किंवा लॅम्बोर्नच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. ही मिनिटे कंपन्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात आणि म्हणूनच आकाश मोकळे असलेल्या दिवशी विमान ठरल्या वेळेच्या आधीच धावपट्टीवर टेकते.