एकाच ताटातल्या दोघी

पालकहो, प्रशिक्षकहो, आज बोलायचंय ते बहिणी-बहिणी एकाच मैदानावर उतरतात तेव्हा त्यांच्या शरीरांची जी तुलना होते, तिच्याबद्दल.

व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्यात जेमतेम पंधरा महिन्यांचं अंतर. घर एक, शिकवणारे आईवडील तेच, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनची सार्वजनिक कोर्टंही तीच. व्हीनस १८५ सेंटिमीटर उंच, सडपातळ. सेरेना १७५ सेंटिमीटर, दंड-मांड्यांनी भरलेली. लहानपणी हॉटेलात व्हीनस जे मागवेल तेच आपणही मागवायचं, ही सेरेनाची सवय तिनेच सांगितलेली आहे. पुढे बाहेरच्यांची तोंडं सुटली. २०१४ मध्ये रशियन टेनिस महासंघाचे अध्यक्ष शामिल तारपिश्चेव यांनी टीव्हीवर दोघींना ‘विल्यम्स ब्रदर्स’ म्हटलं. महिला टेनिस संघटनेने २५ हजार डॉलर दंड आणि एका वर्षाची बंदी लावली. हे योग्यच झालं.

आता सर्व्हिसचा वेग बघा. व्हीनसची २००७ ची सर्वात वेगवान सर्व्हिस ताशी २०७ किलोमीटरच्या जरा पुढे, सेरेनाची २०१३ ची २०७ च्या आसपास. उंच मुलीला चेंडू वरून मारता येतो, लांब हाताचा फायदा मिळतो. बुटक्या मुलीला तोच वेग पाय, कंबर आणि खांद्याच्या ताकदीतून काढावा लागतो. ‘बहिणीसारखी बारीक हो’ असं सांगणं म्हणजे तिची ताकदच कमी करायला सांगणं.

त्या हॉटेलातल्या ताटाकडे परत येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. समजा, दोघी बहिणी दिवसाला २००० कॅलरी खातात आणि सरावात ५०० खर्च करतात. उरल्या १५००. धाकटी ४५ किलोची, थोरली ६५ किलोची, चरबी दोघींची २० टक्के धरू. चरबी वगळता धाकटी ३६ किलो, थोरली ५२ किलो. किलोमागे धाकटीला जवळपास ४२ कॅलरी मिळतात, थोरलीला २९ सुद्धा नाहीत. किलोमागे ४५ कॅलरींच्या आसपास मिळाल्या की शरीर नीट चालतं. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिलं की धोका बराच वाढतो. शरीर आधी पाळीवर काटछाट करतं, मग हाडांवर. नडगीला किंवा पावलाला बारीक चीर जाते, तेव्हा सगळे बुटांना दोष देतात. ताट सारखं वाढलं म्हणून न्याय झाला असं आईला वाटतं, आणि थोरली मात्र उपाशी असते. वर तिलाच ‘कमी खा’ सांगितलं जातं!

म्हणून प्रत्येकीची वही वेगळी ठेवा. तीत पाळीच्या तारखा, झोप, दुखणी आणि तिचे स्वतःचे आकडे: सर्व्हिसचा वेग, उडी, धावेची वेळ. तुलना तिच्याच मागच्या महिन्याशी. वजन करायचंच असेल तर सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, बंद खोलीत. आकडा फळ्यावर लिहायचा नाही, बहिणीसमोर उच्चारायचा नाही. वाढीच्या वयात वजन वाढलं की आधी उंची मोजा. आणि आधी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने चुकली, तर ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, सोबत ती वही न्या, आणि त्या भेटीपर्यंत सरावाचा भार उतरवून ताटात एक जादा जेवण वाढा.