नावावर हात ठेवून पाहा

(शाळांच्या वार्षिक अंकांचं काम पाहणारे शिक्षक आणि विद्यार्थी-संपादक यांच्या कार्यशाळेत एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

या टेबलावर चार शाळांचे वार्षिक अंक मांडले आहेत. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, जरा उठून या. प्रत्येक अंकावर शाळेचं नाव जिथे छापलंय, तिथे तळहात ठेवा. आता सांगा, कुठला अंक कोणत्या शाळेचा?

एकावर समई आहे. दुसऱ्यावर उगवता सूर्य आणि उघडं पुस्तक. तिसऱ्यावर पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती हात धरून उभी मुलं. चौथ्यावर शाळेची इमारत आहे, ती तुमच्यातल्या एकाने लगेच ओळखली, कारण तो तिथेच शिकतो. उरलेल्या तीन अंकांवरची नावं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. चित्रं वाईट नाहीत. समईच्या पितळेवरचा उजेड तर फार मन लावून रंगवलाय. पण ते चित्र कुठल्याही शाळेचं, कुठल्याही वर्षाचं असू शकतं. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

मुखपृष्ठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिवाळी अंक येतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि एक परंपरा सुरू झाली. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांच्या चित्रांवर आमची पिढी रेषा शिकली. पण दिवाळी अंकाचं काम वेगळं असतं. स्टॉलवर टांगलेल्या पन्नास अंकांतून त्याला गिऱ्हाइकाचा हात आपल्याकडे वळवायचा असतो. शाळेच्या अंकाला ती घाई नाही. तो दप्तरातून घरी जातो, आजी चाळते, मग तो कपाटात पडतो आणि वीस वर्षांनी कुणीतरी घर आवरताना पुन्हा हातात येतो. त्या दिवशी त्यावरची समई काय सांगणार? म्हणून मी मुलांना सांगतो, वीस वर्षांनंतरच्या स्वतःसाठी मुखपृष्ठ करा.

माझ्या शेवटच्या वर्षांतलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. मी तेव्हा चिपळूणच्या परिसरातल्या एका शाळेत होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. आमच्या तळमजल्यावरचे वर्ग फळ्याच्याही वरपर्यंत बुडाले. ऑक्टोबरात मुलं शाळेत आली तेव्हा चिखल निघाला होता, बाकं धुऊन झाली होती, पण भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ तशीच होती. मुलं वर्गात शिरली की आधी त्या रेघेखाली उभी राहून आपली उंची बघायची.

वार्षिकाची बैठक झाली तेव्हा मी ही रेघ सुचवली. समितीतल्या बाईंनी विचारलं, “एवढं सोसलंय मुलांनी, ते पुन्हा मुखपृष्ठावर कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. माझं मत एवढंच होतं की ते मुलांनाच ठरवू द्यावं. मग सातवी ते नववीच्या मुलांना कागदावर काड्यापेटीएवढ्या बारा चौकटी आखायला लावल्या. अर्ध्या तासात बारा कल्पना, फक्त पेन्सिलीने, खोडरबर न वापरता. एवढ्या लहान चौकटीत नक्षी काढता येत नाही, विचारच काढावा लागतो. पहिल्या तीन-चार चौकटींत समई, पुस्तक, सूर्य येतातच, ते येऊ द्यावेत. सहाव्या-सातव्या चौकटीपासून मुलं स्वतःचं काहीतरी काढायला लागतात. त्या दिवशी कुणी दोरीवर वाळत घातलेली पुस्तकं काढली, कुणी छपरावर बसलेली कोंबडी. आणि रेघ तर निम्म्याहून अधिक कागदांवर होती. मी वर्गात ती सुचवलीही नव्हती.

चित्र ठरलं सातवीतल्या एका मुलीचं: पिवळी भिंत, रेघेखाली मातकट रंग, बाकी काही नाही. मला ते फार आवडलं. माझी चूक तिथेच झाली असती. कारण चित्र मला आवडलं की नाही, याला फारशी किंमत नव्हती. ते व्हरांड्याच्या टोकाला टांगलं आणि पाचवीच्या मुलांना पाच-पाचच्या गटाने वीस पावलांवर उभं केलं. मनात पाच आकडे मोजले आणि कागद उलटा केला. “आवडलं का?” असं विचारलं नाही, कारण सरांना मुलं नेहमी हो म्हणतात. विचारलं, “काय दिसलं?” कुणी म्हणालं शेत, कुणी म्हणालं वाळवंट, एकजण म्हणाला समुद्रकिनारा. पूर एकालाही दिसला नाही, आणि तो तर सगळ्यांच्या घरात येऊन गेला होता.

ती मुलगी हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच भिंतीपुढे एक पाठमोरी मुलगी काढून आणली. मुलीने टाचा उंचावून हात वर केलाय आणि रेघ तिच्या बोटांच्या वर वीतभर उरली आहे. पुन्हा चित्र टांगलं. या वेळी मुलं म्हणाली, “पुराची रेघ! तिचा हात पुरत नाहीये.” ज्या बाईंनी शंका काढली होती, त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हेच घेऊ.” शाळेच्या नावावर हात ठेवा नाहीतर ठेवू नका, तो अंक कुणाचा आणि कोणत्या वर्षाचा हे आमच्या गावात कुणालाही सांगावं लागत नाही.

परीक्षण म्हणतात ते असं करावं. त्याच चित्राची काळी-पांढरी झेरॉक्सही काढून पाहा. रंग गेल्यावर अक्षरं पार्श्वभूमीत बुडत असतील, तर रंगांच्या उजळ-गडदपणातच गडबड आहे. सफाईचे गुण मी सगळ्यात शेवटी देतो.

आता अक्षरांबद्दल. संगणकावर शीर्षक रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधली जागा वाढवतात. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना श्वास घ्यायला जागा ठेवा, नाहीतर ‘स्फूर्ती’चा ऊकार खालच्या ओळीत घुसतो. सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ हा संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेला टंक, म्हणजे फॉन्ट आहे, त्याला मुखपृष्ठाचं शीर्षक पेलायला लावू नका. त्यापेक्षा बांबूची काडी तिरकी कापा, शाईत बुडवा आणि अंकाचं नाव पन्नास वेळा लिहा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या मुलांनी अक्षरलेखनाचा सराव केलेलाच असतो. तो इथे वापरायचा नाही तर कुठे?

छपाईचं थोडक्यात सांगतो. कागद कापताना पाते जरा इकडेतिकडे होतं, म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवा आणि अक्षरं कडेपासून आत घ्या. पडद्यावरचा झगझगीत केशरी छापल्यावर मंदावतो, तेव्हा एक नमुना प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. एका वर्षी मी जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांना अक्षरं सारखीच ओळखता येण्याची पद्धत) नसलेल्या टंकातली फाइल तशीच छापखान्यात धाडली आणि नमुन्यावर शाळेच्या नावाच्या जागी नुसती चिन्हं आली. तेव्हापासून अक्षरांचं चित्रात रूपांतर केल्याशिवाय मी फाइल पाठवली नाही.

पाहुण्यांचे आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो मुखपृष्ठावर घालण्याचा आग्रह होतो. त्यांना आतलं पान द्या, मानाने द्या, पण मुखपृष्ठ मुलांचं राहू द्या. इंटरनेटवरून उचललेलं चित्र घेऊ नका. ते दुसऱ्याच्या कष्टाचं असतं, आणि त्यातली मुलं आपल्या वर्गातली नसतात. आणि ज्या मुलाने किंवा मुलीने चित्र काढलं, त्याचं नाव पहिल्या आतल्या पानावर इयत्तेसह छापा. आमच्या त्या मुलीच्या आजोबांनी तिचं नाव असलेलं पान उघडं ठेवूनच अंक देवघराशेजारी उभा केला होता. मी गेलो तेव्हा आधी त्यांनी तेच दाखवलं.

बाकांवर कोरे कागद ठेवले आहेत. बारा चौकटी आखा. खोडरबर दप्तरात ठेवा. यंदा तुमच्या शाळेत असं काय घडलं, जे मागच्या वर्षी घडलं नव्हतं? तिथून सुरू करा. मी फिरत येतो.