फ्लोरिडाने मोट कशी बांधली

[दृश्य: नॉर्थ ऑगस्टा, साउथ कॅरोलायना. एकाला लागून एक कोर्ट. शिट्ट्या, बुटांची चरचर.]

जुलै महिना. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत रिव्हरव्ह्यू पार्कच्या जिममध्ये शाळकरी पोरं बास्केटबॉल खेळतायत. शाळकरी म्हणायचं, पण त्यातली काही दारातून वाकून आत येतात. नायकेच्या उन्हाळी स्पर्धांचा शेवट इथे होतो. या स्पर्धेला पीच जॅम म्हणतात.

कॅमेरा आता खेळावरून जरा बाजूला नेतोय. कडेच्या खुर्च्यांवर बसलेली ही मंडळी बघा. ज्याच्या-त्याच्या छातीवर आपापल्या विद्यापीठाचं नाव. हे कॉलेजांचे कोच. मैदानावरच्या पोरांना भेटून बोलायची त्यांना इथे परवानगी नाही. नुसतं बसायचं आणि दिसायचं. मी आलोय आणि तुझ्यासाठी आलोय, हे त्या शर्टाने सांगायचं.

[दृश्य: एका कोचचा चेहरा, जवळून.]

चेंडू उजव्या बास्केटकडे गेलाय आणि हे गृहस्थ डावीकडे बघतायत. तिकडे एका पोराचा नेम आत्ताच चुकलाय. तो बचावाला पळत येतो की रमतगमत, हे त्यांना बघायचंय. बदली होऊन बाकावर बसल्यावर शेजाऱ्याला टाळी देतो का, हेही. गुण किती केले ते काय, कागदावर मिळतंच.

या पोरांना तारे दिले जातात, एक ते पाच. पाच तारेवाल्यामागे सगळेच धावतात, त्यात पारख कसली? आमचा रस आहे तो दोन-तीन तारेवाल्यांत, किंवा ज्यांच्याकडे कुणी नीट बघितलंच नाही अशांत. त्यांना जोडून विजेतेपदापर्यंत गेलेला एक संघ आहे, २०२५ चा फ्लोरिडा विद्यापीठाचा.

[दृश्य: लेक वेल्स, फ्लोरिडा. संत्र्यांच्या बागा, तळं, शाळेचं फुटबॉल मैदान.]

मध्य फ्लोरिडातलं लेक वेल्स. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर इथला. या मैदानावर तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि असा खेळायचा की नोत्र दाम, जॉर्जिया, खुद्द फ्लोरिडा अशी मातब्बर विद्यापीठं त्याला बोलवत होती. फुटबॉलसाठी! त्याने बास्केटबॉल धरला. तिथे त्याच्यासाठी अशी रीघ लागली नव्हती.

[दृश्य: न्यू रोशेल, न्यूयॉर्क. आयोना विद्यापीठाचं छोटं जिम. रिकाम्या लाकडी बाकांवर उन्हाची तिरीप.]

तो गेला इथे, आयोनाला. जिम एवढंसं, पण कोच कोण, तर रिक पिटिनो. दोन वेगवेगळ्या विद्यापीठांना राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेलेला माणूस. पहिल्या वर्षी क्लेटन बहुतेक बाकावरून उठून खेळला. दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, आयोनाच्या अख्ख्या कॉन्फरन्सचा, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. या रिकाम्या जिममध्ये आम्ही बराच वेळ काढला, कारण आमच्या मते खरी गोष्ट इथे आहे. खेळाडू घडतो तो अशा जिममध्ये. तिथे रोज मिनिटं मिळतात, चुका करायला मिळतात आणि त्या टीव्हीवर दिसत नाहीत.

त्याच वसंतात पिटिनो सेंट जॉन्सला गेले आणि क्लेटन ट्रान्सफर पोर्टलमध्ये उतरला.

[पडद्यावर: २०१८, २०२१, २०२४.]

पोर्टल म्हणजे एक यादी. कॉलेज बदलायचंय असं खेळाडूने कळवलं की नाव त्यात चढतं आणि बाकीच्या कॉलेजांना त्याच्याशी बोलता येतं. २०१८ मध्ये ते सुरू झालं. तेव्हा बदलीचा दंड होता, नव्या कॉलेजात पहिलं वर्ष बाहेर बसायचं. २०२१ मध्ये एका बदलीपुरती सूट मिळाली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. थोडक्यात, कोचला आता दरवर्षी संघ नव्याने उभा करावा लागतो.

[दृश्य: गेन्सव्हिल. ओ’कॉनेल सेंटर बाहेरून. मग फळा, त्यावर नावांच्या चुंबकी पट्ट्या.]

आता आपण फ्लोरिडा विद्यापीठात. कोच टॉड गोल्डन सॅन फ्रान्सिस्कोहून २०२२ मध्ये इथे आला. आकडेवारीचा माणूस. पहिल्या हंगामात १६ विजय, १७ पराभव. लोक काय बोलले असतील ते सांगायला नको.

हा फळा नुसता समजावण्यासाठी, आम्हीच लावलाय. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटं. संघात तेरा घ्या नाहीतर पंधरा, मिनिटं २००च. त्यातली दीडशेवर पाच-सहा जणच खाणार. आणि चेंडू एक! वीस-वीस गुण करणारे पाच जण आणले, तर त्यातले तीन डिसेंबरपर्यंत रुसलेले असतात. आपल्या कबड्डीसारखंच आहे हे. सगळे पैसे रेडरवर उडवले, तर कोपरा धरायला कुणी उरत नाही.

गोल्डनने पट्ट्या कशा लावल्या ते बघा.

विल रिचर्ड सगळ्यात आधी आला, २०२२ मध्ये, नॅशव्हिलच्या बेलमाँटहून. चेंडू फार हातात न ठेवता थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट मारणारा, समोरच्या चांगल्या खेळाडूला चिकटणारा. कुठल्याही पाच जणांत बसतो. २०२३ मध्ये क्लेटन. पण त्याच्या हातात चेंडू लगेच दिला नाही. पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्याच्या जागी, झायन पुलिन होता, तोही पोर्टलमधूनच, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडहून आलेला. क्लेटन वर्षभर त्याच्या बाजूला खेळला. पुलिनचं कॉलेज संपलं तेव्हा सूत्रं क्लेटनकडे आली. तोवर त्याला हा संघ पाठ झाला होता.

[दृश्य: बोका रॅटन. नारळी, समुद्र, फ्लोरिडा अटलांटिकचं जिम.]

आणि तिसरा इथून. अलाइजा मार्टिन. २०२३ मध्ये बास्केटबॉलमध्ये फारसं नाव नसलेलं हे विद्यापीठ फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेलं आणि सॅन दिएगो स्टेटकडून ७२-७१ असं हरलं. शेवटच्या क्षणी मारलेल्या एका बास्केटवर! मार्टिन त्या संघात होता. तो २०२४ मध्ये फ्लोरिडात आला. क्लेटनच्या शेजारी धक्काबुक्कीला न घाबरणारा, बास्केटवर चालून जाणारा गडी हवा होता. मिळाला.

[दृश्य: सराव. दोन उंच खेळाडू बास्केटखाली, चेंडू रिमवर आपटतो. संथ गतीने.]

पण बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या नुसत्या गार्डांवर भागत नाही. हा शॉट पुन्हा बघा. नेम चुकलाय, तरी चेंडू फ्लोरिडाकडेच. दोन धिप्पाड माणसं एकाच वेळी रिबाउंडला उडी घेतात. अ‍ॅलेक्स कॉन्डन, ६ फूट ११ इंच, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, लहानपणी तिकडचा फुटबॉल खेळलेला. टॉमस हाउ, पेनसिल्व्हेनियाचा. या दोघांना गोल्डनने शाळेतून थेट उचललं, तेव्हा फारशी कुणाला खबर नव्हती. रूबेन चिन्येलू नायजेरियाचा, वॉशिंग्टन स्टेटमधून आलेला. तिथला तेव्हाचा कोच काइल स्मिथ, आणि गोल्डन पूर्वी याच स्मिथच्या हाताखाली शिकलेला. चौथा मायका हँडलॉग्टन, ७ फूट १ इंच, मार्शल विद्यापीठातून आलेला. मार्च २०२४ मध्ये भर सामन्यात त्याचा पाय मोडला. पुढचा हंगाम बाहेर बसायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत कॉन्डन दुखावला, तेव्हा हा गडी परत उतरला.

तर सांधा इथे आहे. मागे हे चौघं आलटून-पालटून चेंडू परत आणणार, हे माहीत असल्यामुळे पुढचे तिघं हात आखडता घेत नाहीत. क्लेटन सामन्याला सरासरी १८.३ गुण, मार्टिन १४.४, रिचर्ड १३.३. तिघांचीही पोटं भरली आणि कुणी कुणाच्या ताटातलं ओढलं नाही.

[पडद्यावर: स्थिरचित्रं. सामन्यांचे हक्क टीव्हीवाल्यांकडे, तेव्हा एवढ्यावर भागवावं लागतंय.]

एप्रिल २०२५, सॅन अँटोनियो, फायनल फोर. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध क्लेटनचे ३४ गुण. अंतिम सामना कोच केल्विन सॅम्पसनच्या ह्युस्टनशी. हे लोक बचावात माणसाला श्वास घेऊ देत नाहीत. पूर्वार्धात क्लेटनचा गुण एकही नाही. संघ तरला तो रिचर्डमुळे, पूर्वार्धात एकट्याचे १४. उत्तरार्धात फ्लोरिडा १२ गुणांनी मागे पडली, तिथून सावरली. शेवटची काही सेकंदं, ६५-६३, चेंडू ह्युस्टनकडे. एमॅन्युएल शार्प थ्री-पॉइंटरसाठी उडतो आणि क्लेटन अंगावर धावून येतो. शार्प हवेतच चेंडू सोडून देतो. आता तो चेंडूला स्पर्श करू शकत नाही, केला तर ट्रॅव्हलिंगचा नियमभंग आणि चेंडू फ्लोरिडाला. चेंडू टप्पे खात राहतो आणि त्यावर झेप कुणाची? कॉन्डनची.

३६ विजय, ४ पराभव, विजेतेपद. क्लेटन फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू.

[दृश्य: न्यू रोशेल, नॅशव्हिल, बोका रॅटन. तीन जिमांचे झटपट तुकडे.]

या तिन्ही कॉलेजांना घडवलेली पोरं हातची गेल्यावर पुन्हा नव्याने शोधाशोध करावी लागली, आणि वयाने मोठे, तयार खेळाडू पोर्टलमध्ये मिळत असल्याने शाळेतून येणाऱ्यांसाठी जागा कमी झाल्यात. असो.

[दृश्य: पुन्हा फळा. पट्ट्या निघतात.]

क्लेटन, मार्टिन, रिचर्ड, तिघंही जून २०२५ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडले गेले. बाकावरून येऊन वेळोवेळी कामाला आलेला डेन्झेल अ‍ॅबरडीन केंटकीला गेला. कॉन्डन, हाउ, चिन्येलू आणि हँडलॉग्टन थांबले. म्हणजे बास्केटखालची माणसं जागेवर आणि पुढे चेंडू सांभाळणारा कुणीच नाही. गोल्डनने प्रिन्स्टनहून झेव्हियन ली आणला आणि आर्कान्साहून बूगी फ्लँड. दोघंही आपापल्या संघात चेंडू स्वतःच्या हातात ठेवून खेळलेले. २०० मिनिटांत या दोघांना शेजारी शेजारी कसं बसवायचं, हा २०२५-२६ च्या हंगामातला त्याचा पहिला पेच.