न मावळणाऱ्या सूर्यावर चालणारं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

ध्रुवीय प्रदेशातल्या हवेत काजळीचे कण किती आहेत, हे मोजायचं असेल तर तिथे शक्यतो माणसाने जाऊ नये. माणूस गेला की त्याच्यामागे डिझेलचा जनरेटर जातो, बर्फावर धावणारी स्नोमोबाइल गाडी जाते, तंबू गरम ठेवणारा हीटर जातो. या सगळ्यांचा धूर त्याच स्वच्छ हवेत मिसळतो आणि उपकरण बिचारं इमानेइतबारे आपल्याच माणसांच्या धुराची नोंद करत बसतं. बर्फाचंही तसंच. ताज्या, कोरड्या बर्फावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फिरतो. त्यावर काजळीचा अगदी पातळ थर बसला, तरी बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळू लागतो. हा फरक टिपायचा तर मोजणाऱ्याने स्वतः काही जाळता कामा नये. म्हणून सौरऊर्जेवर आपल्या आपण चालणारं निरीक्षणयंत्र ही तिथे मोजमापाचीच गरज आहे.

अशी यंत्रं जगात अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी बनवली आहेत. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. माझ्या मते अभियांत्रिकी शिकण्यासाठी याहून कसून परीक्षा घेणारा विषय सापडणं कठीण आहे.

एक उदाहरण अमेरिकेतलं. नासाच्या गोडार्ड केंद्रात २०१० आणि २०११च्या उन्हाळी शिबिरांत आलेल्या विद्यार्थ्यांनी एका फिरत्या यंत्राचा आराखडा केला. त्याचं नाव ग्रोव्हर. हिमनद्यांच्या अभ्यासक लोरा कोनिग त्यांच्या पाठीशी होत्या आणि पुढे आयडाहो राज्यातल्या बॉइसी स्टेट विद्यापीठाने ते काम तडीस नेलं. उंची माणसाएवढी, वजन साडेतीनशे किलोच्या वर, खाली स्नोमोबाइलचे पट्टे, वर सौर पॅनेलं आणि सोबत बर्फाच्या आत डोकावणारा रडार. आधी मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि आयडाहोच्या बर्फात चाचण्या झाल्या. मग २०१३च्या मे-जूनमध्ये ग्रोव्हर ग्रीनलंडच्या हिमपठारावर, समिट नावाच्या संशोधनतळाजवळ उतरलं. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून जास्त उंची, आणि तापमान उणे ३० अंशांपर्यंत खाली जाणारं.

वेळही नेमकी होती. आदल्या वर्षी, जुलै २०१२मध्ये, ग्रीनलंडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर, म्हणजे सुमारे ९७ टक्के भागावर, बर्फ वितळल्याचं उपग्रहांनी टिपलं होतं. ते पाणी पुन्हा गोठलं आणि त्याचा एक वेगळा थर नव्या हिमाखाली गाडला गेला. रडारच्या लहरी अशा थरांवरून परत फिरतात, आणि कोणत्या वर्षी किती हिम साचलं हे त्यावरून वाचता येतं. पाचएक आठवड्यांत ग्रोव्हरने सुमारे ३० किलोमीटरची रडार-नोंद केली. आकडा लहान वाटेल. स्नोमोबाइलवर बसलेला माणूस हे अंतर तासाभरात कापेल. पण विद्यार्थ्यांच्या पहिल्यावहिल्या यंत्राने, चालकाशिवाय आणि इंधनाचा एक थेंबही न जाळता हे केलं, म्हणून मला ही कामगिरी मोठी वाटते.

आता थोडं सूर्याकडे पाहू. उन्हाळ्यात ध्रुवावर सूर्य मावळत नाही, त्यामुळे ऊर्जेची चंगळ असेल असं आपल्याला वाटतं. पण प्रत्यक्ष ध्रुवावर सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर कधीच चढत नाही. तो क्षितिजाजवळून गोल फिरत राहतो. अशा ठिकाणी पॅनेल आडवं ठेवलं, तर अगदी ऐन उन्हाळ्यातही थेट उन्हातली जेमतेम ४० टक्के ऊर्जा त्याच्या वाट्याला येते. तेच पॅनेल उभं करून सूर्याकडे वळवलं तर ९० टक्क्यांच्या वर जाते, आणि खालच्या बर्फावरून उसळणारा प्रकाश मिळतो तो वेगळाच. अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांबरोबर बनवलेल्या ‘कूल रोबोट’ या यंत्राची रचना याच हिशेबावर उभी आहे. चार चाकांवरची एक पेटी, तिच्या चारही बाजूंना उभी पॅनेलं आणि वर एक आडवं. यंत्र कुठेही वळलं तरी कोणती ना कोणती बाजू सूर्यासमोर असतेच, आणि पाठीमागच्या बाजूलाही बर्फावरून परतलेला प्रकाश मिळतो. प्रत्येक बाजूला मिळणारा प्रकाश वेगळा, म्हणून प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र नियंत्रक लागतो. २००५मध्ये समिटलाच त्याची चाचणी झाली. थंडीचाही इथे फायदाच होतो: सिलिकॉनचं पॅनेल एक अंशाने थंड झालं की त्याचं उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने वाढतं.

मात्र हीच उभी पॅनेलं वाऱ्याला शिडासारखी अडवतात. पॅनेल मोठं केलं की वारा जास्त आणि वजन जास्त. लहान केलं की वीज कमी. इथून पुढचा सगळा खेळ हिशेबाचा आहे, आणि श्रोतेहो, हा हिशेब आपण करूनच पाहू.

समजा यंत्राचं वजन ६० किलो आहे. भुसभुशीत बर्फात चाकं रुतत रुतत जातात, तेव्हा वजनाच्या पावपट रोध धरू, म्हणजे सुमारे १५० न्यूटन. एक किलोमीटर चालायला दीड लाख ज्यूल, म्हणजे ४२ वॅट-तास. मोटार आणि गिअरमधली गळती धरून ६० म्हणू. आता गंमत पाहा. यंत्र हळू चालो की भरभर, किलोमीटरमागचा हा ६०चा खर्च फारसा बदलत नाही. पण संगणक, सेन्सर आणि रडार चालू आहेत तोवर वीज खातच असतात. त्यांना ३० वॅट लागतात असं धरू. ताशी एक किलोमीटर वेगाने गेलो तर दर किलोमीटरला ६० अधिक ३०, म्हणजे ९० वॅट-तास जातील. ताशी तीन किलोमीटरने गेलो तर ६० अधिक १०, म्हणजे फक्त ७०. म्हणजे वेगात जाणं स्वस्त? हो, पण त्यासाठी दर क्षणाला ९० ऐवजी २१० वॅट हाताशी हवेत, म्हणजे पॅनेल दुपटीहून मोठं. आणि मोठं पॅनेल म्हणजे पुन्हा वजन आणि पुन्हा वारा. बरोबर उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. ढग आले तर काय, वाऱ्याने कोरलेले कठीण बर्फाचे उंचवटे आडवे आले तर काय, हे सगळं तोलून निर्णय विद्यार्थ्यांनाच घ्यावा लागतो. थांबायचं कधी, हेही त्यातच आलं. ऊर्जा कमी पडतेय असं दिसलं की सगळं बंद करून स्वस्थ बसणारं यंत्र टिकतं.

एका जागी उभ्या असलेल्या निरीक्षण केंद्रांची अडचण आणखी वेगळी. त्यांना हिवाळा काढायचा असतो. ध्रुवावर सहा महिने सूर्यच नाही, म्हणून उन्हाळ्यातच बॅटरीत विजेची बेगमी करावी लागते. पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतलं आम्ल उणे ६० अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. पण बॅटरी रिकामी होत गेली की ते आम्ल पातळ होतं आणि शून्याच्या थोडंच खाली गोठून बॅटरीचं कवच फोडू शकतं. लिथियम बॅटरी वजनाला हलकी. पण शून्याखाली तिला चार्ज केलं तर आत धातूचा थर जमून ती कायमची बिघडते, म्हणून आधी ती गरम करावी लागते आणि त्यालाही वीज लागते. तेव्हा चार्ज ठरावीक पातळीखाली उतरला की केंद्राने स्वतःहून सगळं बंद केलं पाहिजे. त्याहून अवघड म्हणजे वसंतात सूर्याची पहिली तिरपी किरणं पॅनेलवर पडली की, कुणीही बटण न दाबता, त्याने पूर्ण निद्रेतून पुन्हा सुरू झालं पाहिजे. ही चाचणी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा करावी असं मी आग्रहाने म्हणेन. चालू यंत्र चालू ठेवणं सोपं असतं.

बचतीची दुसरी जागा म्हणजे झोप. दहा वॅटचं उपकरण दिवसभर चालू ठेवलं तर २४० वॅट-तास जातात. तेच तासातून एकच मिनिट जागवलं तर अवघे चार. तापमान, हवेचा दाब आणि हिमाची उंची यांसाठी तेवढं पुष्कळ होतं.

मिळालेली माहिती घरी पाठवायची कशी? विषुववृत्तावर स्थिर राहणारे दळणवळण उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली जातात. तिथे मदतीला येतात इरिडियम या उपग्रह-दळणवळण कंपनीचे ६६ उपग्रह, जे ध्रुवांवरून फिरतात. त्यांच्या छोट्या संदेशसेवेतून यंत्राला एका वेळी पाठवता येतात फार तर 340 बाईट. मग काय पाठवायचं? सरासरी, किमान, कमाल, जागेचे अक्षांश-रेखांश, बॅटरीचं व्होल्टेज. बाकीचं सगळं मेमरी कार्डावर ठेवायचं. व्होल्टेजचा तो एक आकडा मात्र कधीही वगळू नये. यंत्र मुकं झालं, तर का झालं हे सांगणारा दुसरा साक्षीदार तिथे नसतो.

शेवटचा मुद्दा यंत्र परत आणण्याचा. तो आराखड्यात बहुतेकदा उशिरा येतो. अंटार्क्टिक करारासोबतचा पर्यावरण संरक्षणाचा पूरक करार १९९१मध्ये माद्रिदला स्वाक्षरीसाठी ठेवला गेला आणि १९९८मध्ये लागू झाला. त्यानुसार तिथे नेलेल्या वस्तूंचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासावं लागतं आणि बॅटरीसारखा कचरा परत न्यावा लागतो. दरवर्षी साचणारं हिम केंद्राला हळूहळू गिळत जातं, म्हणून खांब वाढवता आला पाहिजे. सगळ्यात वर दोर अडकवायला कडी हवी, जाड हातमोजे घातलेल्या माणसालाही सोडता येतील असे बोल्ट हवेत, आणि बॅटरीची पेटी एका माणसाला उचलता येईल इतकीच जड असावी. या गोष्टी पहिल्याच रेखाटनात काढाव्यात, पॅनेलच्याही आधी.

नमस्कार.